आधी सांधा बघा, शैलीचं नाव नंतर

परदेशी प्रवेशांच्या मुदती जवळ आल्या की मला एकाच धर्तीच्या मेल येऊ लागतात. "मॅडम, औद्योगिक क्रांतीच्या काळातली युरोपीय कला आणि वास्तुकला हा विषय घ्यायचा विचार आहे. कुठून सुरुवात करू?" लिहिणारी मुलं कधी आर्किटेक्चरची असतात, कधी इतिहासात बी.ए. केलेली, कधी जी.डी. आर्ट झालेली. मी पुण्यात आर्किटेक्चर केलं, मुंबईत काही वर्षं जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम केलं, मग लंडनला वास्तुकलेच्या इतिहासात एम.ए. केलं आणि आता शिकवते. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

अभ्यासक्रम हातात पडला की आधी डोळ्यांत भरतात ते कप्पे. नवअभिजातवाद, स्वच्छंदतावाद, वास्तववाद, इम्प्रेशनिझम. इमारतींच्या बाजूला गॉथिक पुनरुज्जीवन, आर्ट नूवो वगैरे. परीक्षेपुरते ते पाठ करावे लागतात, करा. पण या काळात शिरायचं दार म्हणून ते फार अरुंद आहेत. सगळीकडे कोळसा, लोखंड, काच आणि रेल्वे यांचा धुमाकूळ चालू असताना लोक इमारती कशाच्या बांधत होते, चित्रं कशानं रंगवत होते आणि त्याचे पैसे कोण मोजत होतं, हे आधी कळायला हवं. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना एकच सवय लावते: कुठल्याही वस्तूपुढे उभे राहिलात की तिचे दोन तुकडे एकमेकांना कसे जोडलेत ते शोधा. चित्र असेल तर रंग कुठून आला, कॅनव्हास कोणी विकत घेतला, हे शोधा. शैलीचं नाव त्यानंतर कळलं तरी काही बिघडत नाही.

एक पूल आणि एक जलरंग

या सवयीचा श्रीगणेशा करायला इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या सेव्हर्न नदीवरच्या लोखंडी पुलासारखी जागा नाही. लंडनहून रेल्वेनं टेलफर्डपर्यंत जायचं आणि पुढे बस पकडायची. १७७९ मध्ये कमान उभी राहिली, १७८१ च्या पहिल्या दिवशी वाहतूक सुरू झाली. साधारण ३० मीटरचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, आणि पावणेचारशे टनांच्या आसपास बीड, म्हणजे ओतीव लोखंड. आराखडा थॉमस प्रिचर्डचा, ओतकाम अब्राहम डार्बी तिसरा याच्या कारखान्याचं. प्रिचर्ड मुळात सुतारकामातून वर आलेला वास्तुकार होता, आणि पूल पूर्ण होण्याआधीच वारला.

पुलाखाली उतरा आणि वर बघा. एवढं प्रचंड लोखंड, पण सांधे सुतारकामातले! एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला त्या खाचेतून आरपार जाणारी जीभ, वरून ठोकलेली पाचर. काही ठिकाणी चक्क डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखा पसरट सांधा. बीड हातात आलं होतं, पण ते कसं जोडायचं याची स्वतंत्र रीत अजून कोणाकडे नव्हती. मग ज्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. नवं साहित्य आणि जुनं कसब यांच्यातलं हे अंतर पुढच्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा भेटतं. ते एकदा या पुलाखाली उभं राहून पाहिलं की मग पुस्तकातली पानं भराभर उलगडतात.

पुलाशेजारच्या जकात घरावर दरांचा फलक आहे, तोही वाचा. पूल खासगी मालकीचा असल्यामुळे सैनिक असो, टपालगाडी असो वा राजघराण्यातलं कोणी, टोल सगळ्यांना लागेल, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं आहे. पैसे घालणारे भागीदार होते आणि त्यांना परतावा हवा होता. मायकेल अँजेलो रूकरसारख्या चित्रकाराच्या चित्रावरून या पुलाची छापचित्रं निघाली आणि खपली. ओतकाम करणाऱ्या कारखान्याची जाहिरात आणि निसर्गचित्र एकाच कागदावर!

आता यातला मला सर्वांत आवडणारा भाग. हा पूल नदीवर उभा कसा केला, हे दोनशे वर्षं नीट कोणालाच माहीत नव्हतं. १९९७ मध्ये स्टॉकहोममधल्या एका संग्रहालयात एलियास मार्टिन या स्वीडिश चित्रकाराचं छोटं जलरंगचित्र पुढे आलं. तो बांधकाम चालू असताना तिथे गेला होता. त्याच्या चित्रात नदीच्या पात्रात उभा केलेला लाकडी सांगाडा आणि त्याच्या आधारानं वर चढवलेले लोखंडी भाग दिसतात. अभियंत्यांना जे कागद सापडत नव्हते ते एका चित्रकारानं सहज टिपून ठेवलं होतं. कला आणि बांधकाम हे दोन वेगळे पेपर आहेत असं जे म्हणतात, त्यांना मी ही गोष्ट सांगते.

चित्रांपुढे किती वेळ उभं राहायचं

लंडनच्या नॅशनल गॅलरीत प्रवेश फुकट आहे, तेव्हा एका फेरीत सगळं उरकायची घाई करू नका. एका दिवशी एक चित्र. टर्नर या इंग्रज चित्रकाराचं १८४४ मधलं, पावसातून धावत येणाऱ्या आगगाडीचं चित्र घ्या. पूल आहे मेडनहेडचा, ब्रुनेल या अभियंत्यानं थेम्सवर बांधलेला. विटांच्या दोन इतक्या चपट्या कमानी की त्या टिकणारच नाहीत असं तेव्हाचे जाणकार म्हणत होते. आजही त्यांवरून गाड्या धावतात. रुळांवर गाडीच्या पुढे एक ससा पळतो आहे. आता रंग इतका विटला आहे की सांगितल्याशिवाय तो दिसत नाही. डाव्या हाताला नदीत एक होडी, उजवीकडे दूरवर नांगरणारा शेतकरी.

या चित्रावर दहापैकी नऊ निबंध "निसर्ग विरुद्ध यंत्र" या मथळ्याखाली लिहिले जातात. मला ते वाचन आळशी वाटतं. टर्नर यंत्राला घाबरलेला कुठे दिसतो? वाफ, पाऊस आणि धुकं हे तिन्ही त्याला एकाच जातीचे वाटतात, आणि ते एकाच हातानं, चाकूनं आणि बोटानं फासल्यासारखे कॅनव्हासवर येतात. इंजिनाचं तोंड तेवढं टणक आहे. वीस मिनिटं उभे राहा आणि तुमचं मत बनवा, माझं खोडून काढलंत तरी चालेल. परीक्षकाला तेच हवं असतं.

बर्लिनला जाणं जमलं तर म्युझियम आयलंडवरच्या आल्टे नात्सिओनालगालेरीत आडोल्फ मेन्झेल या जर्मन चित्रकाराचं लोखंडाच्या रोलिंग मिलचं चित्र बघा. माझ्या मते संपूर्ण शतकात कारखान्यावर इतकं प्रामाणिक चित्र दुसरं झालं नाही. मेन्झेल १८७२ मध्ये सायलेशियातल्या क्योनिग्सहुटेला गेला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या खोझूफला. तिथे रेल्वेचे रूळ तयार होत. त्यानं शंभराहून जास्त अभ्यासरेखाटनं केली आणि १८७५ मध्ये जवळजवळ अडीच मीटर रुंदीचं चित्र पूर्ण केलं.

मधोमध पांढराशुभ्र तापलेला लोखंडाचा गोळा रोलरमध्ये शिरतो आहे आणि चिमटे घेतलेली माणसं त्याच्याशी झटताहेत. सगळ्यांची नजर तिकडेच जाते. ती तिथून हटवा. डावीकडे पाळी संपलेले कामगार अंग धुताहेत. खाली उजव्या कोपऱ्यात काही जण पत्र्याच्या आडोशाला बसून जेवताहेत, डबा घेऊन आलेली एक बाई थेट आपल्याकडे बघते आहे. मागे, गर्दीच्या पलीकडे टोपी घातलेला एक साहेब निवांत चालला आहे. काम, अंघोळ आणि जेवण एकाच छताखाली, कारण भट्टी थांबत नाही आणि पाळ्या तिच्या वेळेनं चालतात. गिरणगावात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वर्गातल्या लालबागच्या एका मुलीनं या कोपऱ्यावर जे लिहिलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

पॅरिसमध्ये याच सुमारास काय चाललं होतं? १८७७ मध्ये चित्रकार मोने सां-लाझार स्थानकात ईझल लावून बसला आणि त्या एका स्थानकाची डझनभर चित्रं काढली. स्थानकाच्या मागच्या बाजूला रुळांवरून जाणारा एक मोठा लोखंडी पूल होता, पाँ द ल्यूरोप. मोनेच्या चित्रांत वाफ पुलाला गिळून टाकते. गुस्ताव्ह कायबोतनं १८७६ मध्ये त्याच पुलाचं चित्र काढलं, तर त्यात तिरप्या लोखंडी पट्ट्यांची जाळी चित्राचा अर्धा भाग व्यापते, आणि कठड्याला टेकून एक कामगार खालच्या रुळांकडे बघत उभा आहे. जागा एक, वर्षाचं अंतर, आणि एकाला वाफ दिसते, दुसऱ्याला सांधे. नवख्या विद्यार्थ्याला तुलनात्मक निबंधासाठी याहून चांगली जोडी मिळणार नाही.

मोने स्थानकात जाऊन रंगवू शकला याचं एक साधं कारण विसरलं जातं. जॉन गॉफ रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकारानं १८४१ मध्ये कथलाची, दाबून रंग काढता येणारी ट्यूब आणली. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवत. ट्यूबचं झाकण लावता आलं आणि रंग खिशातून नेता आला. रंगही नवे होते. कोबाल्ट निळा १८०२ चा, कृत्रिम अल्ट्रामरीन हा गडद निळा १८२० च्या दशकाच्या अखेरीचा. तोवर खरा अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून बनत असे आणि त्याला जबर किंमत होती. एमराल्ड हिरव्यात आर्सेनिक असायचं, आणि तोच रंग भिंतींच्या कागदावरही चढला. कलेच्या इतिहासात रसायनशास्त्र किती येतं हे पाहून बारावीनंतर सायन्स सोडलेल्यांचे चेहरे पडतात. पडू देत, थोडं वाचावं लागतंच.

जे उरलं नाही ते कसं शिकायचं

लंडनचा क्रिस्टल पॅलेस, लोखंड आणि काचेची प्रचंड इमारत, १९३६ मध्ये जळून गेला. तरीही या विषयात तो टाळता येत नाही, आणि नाहीशी झालेली इमारत कागदांवरून कशी उभी करायची हे शिकायला तो उत्तम आहे. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी लंडनच्या हाइड पार्कात तात्पुरती इमारत हवी होती. खुल्या स्पर्धेत दोनशेहून जास्त आराखडे आले, समितीला एकही पसंत पडला नाही. जून १८५० मध्ये जोसेफ पॅक्स्टननं रेल्वे कंपनीच्या बैठकीत बसल्या बसल्या टिपकागदावर एक रेखाटन केलं. तो कागद आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. पॅक्स्टन वास्तुकार नव्हताच. तो डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थच्या बागांचा प्रमुख माळी, काचघरं बांधण्यात मुरलेला. १ मे १८५१ ला प्रदर्शन उघडलंदेखील.

हे इतक्या झटपट कसं झालं? सगळी इमारत २४ फुटांच्या पटीत आखली होती. खांब, तुळया, काचा सगळे ठरावीक मापाचे, कारखान्यात बनवायचे आणि जागेवर जोडायचे. तीन लाखांच्या आसपास काचा स्मेदिकच्या चान्स ब्रदर्सनं पुरवल्या. आणि पडद्यामागची एक गोष्ट अशी की काचेवरचा अबकारी कर १८४५ मध्येच रद्द झाला होता. तो असता तर या इमारतीचा खर्च कोणाला झेपलाच नसता. मला हे करांचं प्रकरण सौंदर्यमीमांसेच्या दोन धड्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

प्रदर्शनात पाच-साडेपाच महिन्यांत साठ लाख भेटी झाल्या. भारताच्या दालनात हौदा दाखवायला हत्ती हवा होता, तर तो एसेक्समधल्या एका संग्रहालयातून आणला, पेंढा भरलेला. हसू येतं, पण याच दालनातल्या कापडांकडे बघून ओवेन जोन्ससारखे नक्षीकामाचे जाणकार इंग्रज कारखानदारांना सुनावत होते की नक्षी कशी करायची ते यांच्याकडून शिका. मुंबईतूनही वस्तू गेल्या होत्या, आणि अशा प्रदर्शनांसाठी झालेल्या जमवाजमवीतूनच मुंबईत कायमचं संग्रहालय असावं ही कल्पना पक्की होत गेली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट त्यामागे होते. भायखळ्याची इमारत १८७२ मध्ये खुली झाली. तिचे आतले बिडाचे खांब आणि सज्जे बघितले की १८५१ ची थोडीफार कल्पना येते, आणि विमानाचं तिकीट लागत नाही.

कागद कुठे मिळतात ते सांगते. 'द बिल्डर' हे साप्ताहिक १८४३ पासूनचं, आणि 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' १८४२ पासूनचं. दोन्हींचे बरेच जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. फ्रेंच साहित्यासाठी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका हे संकेतस्थळ. लंडनला पोचल्यावर ब्रिटिश लायब्ररीचा वाचक पास काढा. रेल्वे कंपन्यांची जुनी दप्तरं क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. आत पेन चालत नाही, शिसपेन्सिल न्या. कागदपत्रांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढता येतात. सुरुवातीला ते हस्ताक्षर वाचताना डोकं दुखतं. एकाच कारकुनाची दहा पत्रं सलग वाचली की त्याचा हात ओळखीचा होतो.

सेंट पँक्रस ते काळा घोडा

लंडनमध्ये राहून सेंट पँक्रस स्थानकात नुसती गाडी पकडणारे विद्यार्थी पाहिले की मला चिडचिड होते. एकाच जागी दोन इमारती आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. पुढे लाल विटांचं, मनोऱ्यांचं हॉटेल, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, १८७३ मध्ये सुरू झालेलं. मागे विल्यम बार्लो आणि रोलंड मेसन ऑर्डिश यांनी उभारलेलं लोखंडी छत, १८६८ चं, एकाच झेपेत २४० फूट, मध्ये एकही खांब नाही. त्या काळी एवढा मोठा गाळा जगात दुसरा नव्हता.

सांधा कुठे आहे? कमानीचे पाय बाहेर सरकू पाहतात, त्यांना धरून ठेवायला काहीतरी हवं. बार्लोनं फलाटांखालच्या तुळयांनाच त्या कामाला लावलं. फलाट रस्त्यापासून बरेच उंच आहेत, कारण रूळ रीजंट्स कालव्यावरून येतात. मग फलाटांखाली जी जागा उरली तिचं काय? बर्टनहून येणारी बिअरची पिंपं तिथे ठेवायची ठरली, आणि बिडाच्या खांबांमधलं अंतर पिंपांच्या मापावरून ठरलं! आज तिथेच दुकानं आहेत आणि युरोपात जाणाऱ्या युरोस्टार गाडीचे प्रवासी रांगा लावतात. खांब अजून त्याच अंतरावर उभे आहेत. जगातल्या सर्वांत मोठ्या छताचं जमिनीवरचं गणित पिंपांनी ठरवलं, ही गोष्ट कुठल्याही शैलीच्या नावात बसत नाही.

बार्लो आणि ऑर्डिश यांपैकी ऑर्डिशचं नाव लक्षात ठेवा. मुंबईत काळा घोड्याला वॉटसन्स हॉटेलची इमारत आहे, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. तिचा बिडाचा सांगाडा त्याचाच, १८६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ओतून जहाजानं आणून इथे जोडलेला. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं ७ जुलै १८९६ ला इथेच दाखवली गेली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. सांगाड्याबद्दल कोणी विचारत नाही. इमारतीची अवस्था वाईट आहे, आत शिरायच्या भानगडीत पडू नका, पण फुटपाथवरून बाहेरचे खांब दिसतात.

तिथून चालत पाच-सात मिनिटांवर राजाबाई टॉवर आणि मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह. आराखडे सेंट पँक्रसच्या त्याच स्कॉटचे, आणि तो मुंबईत कधी आला नाही. टॉवरला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आणि ते आले होते कापसातून. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला पेटल्यावर इंग्लंडमधल्या मँचेस्टर-लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकेच्या दक्षिणेकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईचा भाव गगनाला भिडला आणि १८६५ ला युद्ध संपताच कोसळला. मँचेस्टरचा टाउन हॉल आणि राजाबाई टॉवर एकाच दशकात, एकाच धाग्याच्या दोन टोकांना उभे राहिले असं म्हणायला हरकत नाही. मात्र टॉवर लंडनहून उचलून आणलेला नाही. दगड कुर्ल्याचा आहे, आणि वरच्या बाजूला पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या लोकांचे जे पुतळे आहेत ते घडवण्याचं श्रेय रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याकडे जातं. आराखडा येतो, पण तो ज्यांच्या हातून उभा राहतो ते हात इथले असतात.

इथे एक सावधगिरी. तुम्ही भारतातून गेलात की सेमिनारमध्ये वसाहतींचा विषय आपोआप तुमच्या ताटात पडतो. आवडत असेल तर जरूर घ्या. पण तुम्हाला ब्रुसेल्समधल्या ओर्ता या वास्तुकाराच्या जिन्यांवर किंवा व्हिएन्नाचा वास्तुकार ओटो वाग्नर याच्यावर काम करायचं असेल, तर "तुमच्याकडचं काहीतरी घ्या ना" या प्रेमळ आग्रहाला बळी पडू नका. माझ्या बॅचच्या एका कोलंबियन मैत्रिणीनं निमूटपणे स्वतःच्या देशावर प्रबंध लिहिला आणि वर्षभर कुरकुरत राहिली.

आयफेल टॉवरबद्दल मी मुद्दाम लिहीत नाही. १८,०३८ भाग, २५ लाख रिव्हेट, हे आकडे कुठेही मिळतील. एवढंच बघा की पायाशी असलेल्या चार मोठ्या कमानी भार उचलत नाहीत. वास्तुकार स्तेफान सोव्हेस्त्रनं त्या शोभेसाठी घातल्या. १८८९ मध्येही लोखंडाला कमानीचं लुगडं नेसवल्याशिवाय लोकांपुढे न्यायचं धाडस होत नव्हतं.

वाचन, भाषा, पैसे आणि पुढचं

जॉन रस्किन हा इंग्रज कलासमीक्षक वाचावाच लागतो, आणि तो जड जातो. पल्लेदार वाक्यं, दर पानाला बायबल. त्याच्या व्हेनिसवरच्या ग्रंथातलं गॉथिकच्या स्वरूपावरचं एक प्रकरण आधी वाचा, बाकी पुढे बघता येईल. कामगाराचा हात चुकायला मोकळा हवा, नाहीतर तो यंत्र होतो, हा त्याचा मुद्दा पुढे विल्यम मॉरिस या डिझायनरनं उचलला. मॉरिसची गंमत अशी की कारखान्याच्या मालाला विटून त्यानं हातानं छापलेली कापडं केली आणि ती परवडली श्रीमंतांनाच. तो स्वतःही यावर चडफडत असे. त्याचं नीळ वापरून केलेलं छपाईकाम व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये जवळून बघता येतं. आजीच्या पेटीतल्या इंदुरी लुगड्यांवर वाढलेल्या डोळ्यांना त्यात बरंच दिसतं.

इंग्रजी पुरेसं चांगलं लागतं, आणि फ्रेंच किंवा जर्मन यांपैकी एक भाषा निदान वाचता आली पाहिजे. बोलता नाही आलं तरी चालेल. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्रांसेज आणि गोएथे इन्स्टिट्यूटचे वर्ग आहेत. प्रवेशाआधीचं वर्ष त्यात घाला. आर्किटेक्चरच्या मुलांना चित्रं वाचता येतात पण लिहिता येत नाही, पाच पानांचा निबंध म्हटलं की घाम फुटतो. इतिहासवाल्यांचं उलट: ओघवतं लिहितात आणि सेक्शन, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचं रेखाटन, समोर ठेवला की गप्प. दोघांनाही एकमेकांशी मैत्री करायला सांगते. हातानं रेखाटन करायची लाज सोडा. फोटो काढून पुढे गेलात तर सांधा कधीच दिसत नाही. काढायला बसलात की पेन्सिल अडते आणि तिथेच प्रश्न पडतो.

ब्रिटनमधलं एम.ए. साधारण वर्षाचं असतं, आणि भारतीयांना फी भरपूर पडते. चेव्हनिंग, कॉमनवेल्थ आणि चार्ल्स वॉलेस ट्रस्ट या शिष्यवृत्त्यांकडे बघा; राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. अटी बदलत राहतात, त्यामुळे एजंटाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, मूळ संकेतस्थळ वाचा. परदेश जमत नसेल तर बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये कलेतिहास, दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये संवर्धन, अहमदाबादला सेप्ट. तिथून सुरू करून पुढे युरोपला गेलेले बरेच जण आहेत.

अर्जासोबतच्या निवेदनात "मला लहानपणापासून कलेची आवड" हे वाक्य प्रत्येकाच्या कागदावर असतं. त्याऐवजी एक इमारत किंवा एक चित्र निवडा आणि त्यात तुम्हाला न सुटलेला एक प्रश्न लिहा. मी माझ्या निवेदनात मुंबईतल्या एका बाजाराच्या छतातला लोखंडी आणि लाकडी भाग कुठे भेटतो यावर दोन परिच्छेद लिहिले होते. मुलाखतीत बाकी काहीच विचारलं नाही, सगळा वेळ त्या छतावरच गेला.

नोकरीचं सरळ सांगते. केवळ युरोपीय कलेच्या इतिहासावर इथे पोट भरणारी माणसं थोडी आहेत, बहुतेक शिकवणारी. संग्रहालयांत नोंदणी आणि प्रदर्शनांचं काम मिळतं, सुरुवातीचा पगार कमी असतो. संवर्धनाच्या क्षेत्रात मात्र हे ज्ञान कामाला येतं. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी नियमावली आहे, २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या. या इमारतींच्या दुरुस्तीत बीड आणि घडीव लोखंड यांतला फरक न कळणारा माणूस मोठं नुकसान करतो. बीड दाबाला भक्कम, ताणाला ठिसूळ. त्यावर आंधळेपणानं वेल्डिंग केलं की शेजारीच तडा जातो. घडीव लोखंड ताण सहन करतं, पण त्याचे थर गंजून पापुद्र्यासारखे सुटतात. खांबावरच्या रंगाच्या थरांखाली ओतशाळेचं नाव दडलेलं असतं, ते कुठे शोधायचं हे ठाऊक असलेल्याला साइटवर मान मिळतो. असं काम करणाऱ्या छोट्या कचेऱ्या मुंबई-पुण्यात आहेत आणि त्यांना उन्हाळ्यात मदतनीस लागतात. अर्जासोबत रेझ्युमे पाठवा, पण सोबत एखाद्या सांध्याचं स्वतः काढलेलं, मापं टाकलेलं रेखाटन जोडा. निवड करताना आम्ही ते आधी बघतो.